गॅरेजचा कोबा वर्षभरात का फुटतो? सगळे सिमेंटला शिव्या देतात, पण घोळ खाली झालेला असतो

माझ्या मामाचं परभणी जिल्ह्यात चारचाकीचं गॅरेज आहे. वीस बाय पंधरा फुटांचं पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर, एक ग्राइंडर, भिंतीला टांगलेले पाने आणि दारात कायम उभी असलेली एखादी जुनी जीप. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याने पैसे साठवून खाली कोबा करून घेतला. काम झालं त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर फोटो आला. फरशी इतकी गुळगुळीत की पत्र्याची सावली दिसत होती. सगळ्यांनी अंगठे दिले.

जूनमध्ये पाऊस लागला. गणपतीपर्यंत मधोमध केसाएवढी रेघ आली. दिवाळीला गेले तेव्हा त्या रेघेत पाच रुपयांचं नाणं उभं राहत होतं. दाराकडची बाजू उचलली होती आणि मागचा कोपरा खाली बसला होता.

इथपर्यंत ठीक होतं. पण डिसेंबरमध्ये एक गाडी जॅकवर चढवलेली असताना जॅकचं पुढचं चाक त्या तड्यात उतरलं. गाडी तिरकी झाली, टेकू सरकला आणि गाडी धाडकन खाली बसली. मामा पाना आणायला मागे वळला होता म्हणून वाचला. दोन मिनिटं आधी तो गाडीखाली होता.

गावात निकाल लगेच लागला. "सिमेंटच भेसळीचं निघालं." मिस्त्रींचंही तेच मत. मग मी जरा खोलात गेले. दोन सिव्हिल इंजिनियरांशी बोलले, भारतीय मानक वाचलं, आणि कोबा फोडला तेव्हा स्वतः जाऊन बघितलं. सिमेंट बिचारं निर्दोष होतं.

तर भानगड काय असते, ते सांगते.

वरचा स्लॅब आणि खालचा स्लॅब, दोघांचं काम वेगळं

आपल्याकडे स्लॅब म्हटलं की माणूस वर बघतो. स्लॅब पडला, म्हणजे छत झालं. जमिनीवरच्या काँक्रीटला आपण कोबा म्हणतो आणि त्याला फारसं मनावर घेत नाही. छताला इंजिनियर, नकाशा, स्टीलचा हिशोब. कोब्याला एक मिस्त्री आणि दोन बिगारी.

छताचा स्लॅब हवेत असतो. त्याचं वजन बीम आणि कॉलम उचलतात, म्हणून त्यात भरपूर सळई लागते. कोबा मात्र जमिनीवर झोपलेला असतो. वरचं वजन पसरवून जमिनीला देणं एवढंच त्याचं काम. खरं वजन माती उचलते.

आता एक गंमतीचा हिशोब बघा. कारच्या टायरमध्ये हवा असते साधारण ३२ पीएसआय. म्हणजे टायर जमिनीवर जो दाब देतो तो दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. आणि एम-२० ग्रेडचं काँक्रीट २८ दिवसांनी किती दाब सोसतं? दर चौरस सेंटीमीटरला साधारण २०० किलो. गाडीच्या वजनाने कोबा चिरडला जाणं शक्यच नाही.

मग फुटतो कशाने? तर वाकल्याने. काँक्रीट दाबायला पैलवान आहे, पण ताणायला अगदी लेचंपेचं. ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण एक दशांश असते. खाली माती घट्ट चिकटून आहे तोवर कोबा वाकत नाही. पण खालची माती एका जागी बसली आणि मध्ये पोकळी राहिली, की त्या जागी कोब्याचा पूल होतो. पूल म्हणून त्याला कुणी बांधलेलं नसतं. वरून चाक गेलं की खालच्या बाजूला ताण येतो आणि तडा जातो.

मामाचा कोबा फोडला तेव्हा मागच्या कोपऱ्यात काँक्रीट आणि भराव यांच्यामध्ये माझा हात सहज आत गेला. आत विटांचे तुकडे, जुन्या भिंतीचा राडारोडा आणि एक गुटख्याच्या पुड्यांनी भरलेली पिशवी निघाली.

काळी माती म्हणजे श्वास घेणारी जमीन

परभणी, लातूर, सोलापूर, अकोला, यवतमाळ, या सगळ्या पट्ट्यात जी काळी कापसाची माती आहे, ती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक असतात आणि पाणी त्या थरांच्या मधे शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, निघालं की आक्रसते. एप्रिलमध्ये शेताला ज्या हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. शेतकऱ्याला हे काही नवीन नाही. पण तोच शेतकरी शेड बांधतो तेव्हा त्याच मातीवर चार इंच काँक्रीट ओततो आणि ते हलणार नाही असं समजतो.

त्यात आणखी एक गोम आहे. शेड झाल्यावर मधली माती झाकली जाते, तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते. म्हणजे कोब्याच्या कडा वर-खाली होतात आणि मधला भाग जागेवर राहतो. मामाच्या पत्र्याचं सगळं पाणी दारासमोर पडायचं, पन्हळ नव्हतीच. दाराकडची बाजू का उचलली, याचं उत्तर मिळालं.

या मातीचा तोडगा शोधण्याचं मोठं काम मुंबईतच झालंय. आयआयटी बॉम्बेचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा पुरेसा जाड, दाबलेला थर दिला, तर खालच्या मातीची हालचाल वर पोचत नाही. इंजिनियर लोक त्याला सीएनएस थर म्हणतात. कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. थोडी चिकणमाती असलेला चांगला मुरूम हे काम करू शकतो, मात्र तो मुरूम खरंच न फुगणारा आहे का, हे मातीच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलेलं बरं.

व्यवहारात याचा अर्थ असा, की काळी माती उथळ असेल तर ती पूर्ण काढायची आणि मुरमाने भरायचं. खोल असेल तर जेवढी काढता येईल तेवढी काढायची, आणि किती जाडीचा थर लागेल ते इंजिनियरकडून ठरवून घ्यायचं. सोबत पत्र्याला पन्हळ लावायची आणि पाणी भिंतीपासून लांब न्यायचं. पन्हळीचा खर्च कोब्याच्या मानाने किरकोळ, पण ती लावतं कोण?

कोकणात जांभा असेल किंवा पुण्याकडे टेकडीचा मुरूम असेल, तर काळ्या मातीचा ताप नाही. पण तिथेही भरावाचा प्रश्न असतोच. जोत्यात राडारोडा टाकून, वरून पाण्याचा पाइप सोडून "बसेल आपोआप" म्हणायची पद्धत सगळीकडे आहे. बसतो ना, नक्की बसतो. फक्त कोबा झाल्यावर बसतो.

भराव सहा-सहा इंचाच्या थरात करायचा. प्रत्येक थरावर बेताचं पाणी मारायचं, आणि धुमस किंवा भाड्याचा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा. चिखल होईल एवढं पाणी नको, मूठ वळली तर गोळा राहावा आणि हात ओला होऊ नये एवढंच. शेवटी भरलेली ट्रॉली आत घालून फिरवावी. चाकाची चाकोरी उमटली तर जमीन तयार नाही. यावर डबराचं सोलिंग, फटींमध्ये मुरूम, पुन्हा ठोकणं. आणि काँक्रीट ओतायच्या आधी २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जो दुकानात हजार गेज म्हणून मिळतो. जमिनीतली ओल वर चढत नाही. ज्याच्या वर्कशॉपमध्ये पावसाळ्यात पाने आणि ड्रिल बिट गंजतात, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

जरा पातळ असलं की पसरतंय चांगलं

दुसऱ्यांदा काम सुरू झालं तेव्हा मी तिथेच होते. मिक्सरमध्ये बादलीवर बादली पाणी चाललं होतं. मी विचारलं तर मिस्त्री म्हणाले, "ताई, जरा पातळ असलं की पसरतंय चांगलं. घट्ट मालाला पोरं कंटाळतेत."

त्यांचं खोटं नव्हतं. पातळ माल पसरतो छान. पण १९१८ मध्ये डफ अब्राम्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने शिकागोत भरपूर प्रयोग करून एक नियम मांडला, तो आजही टिकून आहे. काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ठरते. पाणी वाढलं की ताकद उतरते.

कारण सोपं आहे. सिमेंटला घट्ट व्हायला रासायनिकदृष्ट्या स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी लागतं. ५० किलोच्या पोत्याला साडेबारा लिटर धरा. बाकीचं पाणी फक्त माल कालवता यावा म्हणून. ते नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये साध्या प्रमाणाच्या एम-२० साठी पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलंय. त्यातही वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी यातच धरायचं. साइटवर हे मोजताना मी तरी आजवर कुणाला बघितलं नव्हतं.

जास्तीच्या पाण्याचा दुसरा त्रास गॅरेजवाल्यांना रोज दिसतो, फक्त कारण माहीत नसतं. माल ओतल्यावर खडी-वाळू खाली बसते आणि पाणी वर येतं. त्या पाण्यातच मिस्त्री घोटाई सुरू करतो. पाणी सुकत नाही म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरतो. झाली फरशी आरशासारखी! पण वरचा पातळ थर कमकुवत आणि खालच्यापासून सुटा राहतो. सहा महिन्यांत त्याची पापुद्र्यासारखी भुकटी निघते. कितीही झाडा, रोज पांढरी धूळ. इंजिन उघडून ठेवणाऱ्या माणसासाठी ही धूळ म्हणजे वैतागच. वर आलेलं पाणी पूर्ण जाऊ द्यायचं, मगच रंधा फिरवायचा. माल फारच घट्ट वाटत असेल तर प्लॅस्टिसायझर नावाचं द्रव्य मिळतं, पाणी न वाढवता माल सरसरीत होतो.

प्रमाणाचंही तसंच. एम-२० म्हणजे ढोबळमानाने एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. पण घमेली मोजली जातात तेव्हा एक घमेलं सपाट आणि दुसरं शिगोशीग भरतं. एक पोतं म्हणजे ३५ लिटर. त्या मापाचा लाकडी फरमा करून घेतला की वाद मिटतो. वीस बाय पंधराच्या जागेत पाच इंचाचा कोबा करायचा तर १२५ घनफूट, म्हणजे सव्वा ब्रास काँक्रीट लागतं. त्याला २८ ते ३० पोती सिमेंट, अर्ध्या ब्रासच्या थोडी वर वाळू आणि एक ब्रासच्या जरा वर खडी. तुमच्या कामाला २० पोत्यांतच एवढी जागा झाली असेल, तर कुठेतरी जाडी किंवा प्रमाण कमी आहे.

जाडीवर बरेच जण पैसे वाचवतात. पण वाकण्याला तोंड द्यायची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते. चारचे पाच इंच केले तर काँक्रीट पंचवीस टक्के जास्त लागतं आणि ताकद सोळावरून पंचवीसवर जाते, म्हणजे दीडपटीहून जास्त. दुचाकीच्या गॅरेजला चार इंच चालतात. कारला पाच. पिकअप येणार असतील किंवा टू-पोस्ट लिफ्ट बसवायची असेल तर सहा इंच धरावेत आणि लिफ्ट कंपनीचं पत्रक आधी वाचावं. लिफ्टचं सगळं वजन दोन खांबांच्या बोल्टवर येतं, तिथे काँक्रीट कच्चं असेल तर बोल्ट उपटून येऊ शकतो.

तडा जाणारच, फक्त कुठे ते आपण ठरवायचं

हे ऐकून मलाही धक्का बसला होता. काँक्रीट सुकताना आक्रसतं, त्यामुळे मोठ्या सलग तुकड्याला तडा जाणं हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून शहाणे लोक आधीच कटरने रेषा मारून ठेवतात. जाडीच्या पाव भाग खोल, म्हणजे पाच इंचाला सव्वा इंच. चार इंचाच्या कोब्याला आठ ते बारा फुटांवर एक रेष, आणि चौकोन शक्यतो चौरसाच्या जवळचा. त्या रेषेवर काँक्रीट पातळ झालेलं असतं, त्यामुळे तडा तिथेच खालच्या बाजूला जातो, दिसत नाही आणि वाकडातिकडा पसरत नाही. वेळ महत्त्वाची. ओतल्यानंतर कटरने कडा तुटणार नाही इतका कोबा घट्ट झाला की लगेच मारायच्या, म्हणजे बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. आठवड्याने मारल्या तर तोवर तड्याने स्वतःची जागा शोधलेली असते. लोखंडी खांबाभोवती आणि भिंतीच्या कडेने थर्माकोलची पट्टी ठेवायची, म्हणजे कोबा त्यांना अडकून ओढला जात नाही.

"पण आम्ही तर जाळी टाकली होती," हे मामाचं वाक्य. टाकली होती, खरंय. फोडल्यावर ती सगळ्यात खाली, मातीला चिकटून गंजलेली सापडली. जाळी तडा थांबवत नाही, गेलेला तडा घट्ट धरून ठेवते. त्यासाठी ती कोब्याच्या वरच्या एक तृतीयांश भागात हवी. आपल्याकडे जाळी जमिनीवर पसरतात आणि ओतताना "वर ओढून घेऊ" म्हणतात. त्यावर चार माणसं बूट घालून उभी असतात, ओढणार कोण आणि कशी? सिमेंटचे ठोकळे किंवा सळईच्या खुर्च्या खाली लावल्या तरच ती जागेवर राहते.

उताराचं एका ओळीत सांगते. गाड्या धुणार असाल तर दाराकडे शंभराला एक एवढा ढाळ, वीस फुटांत साधारण अडीच इंच. लेथ किंवा मिलिंग मशीन बसवायचं असेल तर तिथे ढाळ नको, आणि जड मशीनचा पाया कोब्यापासून वेगळा करून घ्यावा, नाहीतर त्याची थरथर सगळ्या फरशीला लागते.

काम संपलं असं वाटतं, तेव्हा ते सुरू होतं

सिमेंट सुकून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन घट्ट होतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात वरचं पाणी उडून गेलं की ती प्रक्रिया अर्धवट थांबते. आयएस ४५६ सांगतं की साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पृष्ठभाग सतत ओला हवा. कोरड्या उष्ण हवेतही १० दिवसांच्या खाली नाही. मिश्र सिमेंटला १४ दिवस केले तर उत्तम. तुमच्या पोत्यावर बहुधा पीपीसीच लिहिलेलं असेल, एकदा बघा.

यातला "सतत" हा शब्द आपण गाळतो. सकाळ-संध्याकाळ पाइप मारणं म्हणजे दुपारभर फरशी कोरडी. त्यापेक्षा कडेने मातीची आळी करून दोन इंच पाणी साठवायचं किंवा ओली गोणपाटं अंथरून वर प्लास्टिक टाकायचं.

पहिल्या वेळी मामाने चौथ्या दिवशी गाडी आत घेतली होती. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. गॅरेज बंद म्हणजे रोजची कमाई बंद, आणि दारात गिऱ्हाईक उभं. कोब्याला एवढे दिवस लागतात हे त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, सांगितलं असतं तर त्याने तसं नियोजन केलं असतं. सात दिवसांत ओपीसीचं काँक्रीट २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत पोचतं, पीपीसी त्याहून हळू. पायी फिरायला दोन दिवसांनी हरकत नाही, कार घ्यायला दहा-बारा दिवस थांबावं आणि जॅक, लिफ्ट, जड मशीन २८ दिवसांनीच.

ज्यांचा कोबा आधीच फुटलाय त्यांच्यासाठी. तड्याच्या दोन्ही बाजू एका पातळीत असतील आणि वर्षभर तो वाढत नसेल, तर साफ करून इपॉक्सी किंवा लवचीक सीलंट भरलं तरी भागतं. एक बाजू वर आणि एक खाली असेल, किंवा हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर खाली माती सरकलीय. त्यावर नवीन थर टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, तो थरही त्याच रेषेत फुटणार. आणि तोवर त्या भागात गाडी जॅकवर घेऊ नका.

मामाचा दुसरा कोबा गेल्या वर्षी मे महिन्यात पूर्ण झाला. अडीच फूट काळी माती काढली, मुरूम भरला, पन्हळ लावली. मिक्सरशेजारी रंगाचा रिकामा डबा खुणेसाठी ठेवला होता, त्या खुणेपर्यंतच पाणी. पहिल्या दोन पोत्यांना मिस्त्री कुरकुरले, मग प्लॅस्टिसायझर घातल्यावर गप्प झाले. बारा दिवस गॅरेजमध्ये पाणी साठलेलं होतं आणि मामा बाहेर चिंचेखाली ताडपत्री टाकून पंक्चर काढत होता.

या दिवाळीला गेले तेव्हा आधी खाली वाकून बघितलं. एक तडा गेलाय. कटरने मारलेल्या रेषेच्या बरोबर तळाशी, टॉर्च लावल्याशिवाय दिसत नाही.